अठराशे काय?

काटेसाहेबांची पँट तिसऱ्यांदा कमरेत घ्यायची वेळ आली, तेव्हा काकूंचा हात मशीनच्या चाकावरच थांबला. पुढच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर गल्लीतल्या लोकांचे कपडे घेतले, सोडले, उसवले, जोडले. कुणाचं पोट सुटलं नि कुणाचं उतरलं, हे त्याच्या बायकोच्या आधी काकूंच्या टेपला कळायचं. आता ती टेप स्वतःच्याच नवऱ्याची बातमी देत होती, आणि बातमी काही बरी नव्हती. आधीच्या दोन्ही वेळा काकूंनी कापड कापलं नव्हतं. माणूस पुन्हा भरला तर पँट सोडता यावी, म्हणून आत माया तशीच ठेवून नुसती टीप मारली होती. आता आत इतकं कापड जमलं होतं, की शिवण बोटाएवढी जाड झाली होती आणि सुई तिच्यातून जायला तयार नव्हती.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर होते आणि हे नाव त्यांना बाजाराने ठेवलं होतं. काहींनी प्रेमाने, बऱ्याच जणांनी दातओठ खाऊन. निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पारड्याखाली लावलेलं लोहचुंबक, पोखरून आत मेण भरलेलं वजन, मोजताना हळूच टेकवलेलं बोट, सगळं त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. पण त्यांचं डोकं खऱ्या अर्थाने फिरायचं ते नुसत्या आकड्याने. कुणी पाटीवर ‘पन्नास’ लिहिलं, की साहेब दुकानासमोर उभे. “पन्नास काय? किलोला, डझनाला, की तुझ्या मर्जीला?” घरीही तेच. साखर किती घातलीस, याला काकू “दोन” म्हणाल्या, की लगेच, “दोन काय? चमचे की पोती?” काकूंनी आधी याचा राग केला, मग हसण्यावारी नेलं आणि शेवटी सरळ कानाआड करायला शिकल्या.

तर हा माणूस वाळत चालला होता. आणि गंमत अशी, की सुरुवातीला तो वाळावा म्हणूनच सगळा खटाटोप होता.

साहेबांचे गुडघे बोलायला लागले होते. जिना चढताना इतके कुरकुरायचे, की खालच्या मजल्यावरच्या बाईंना साहेब घरी आल्याचं त्यावरून कळायचं. डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, हुशार, हसऱ्या आणि सदा घाईत, कारण बाहेरच्या बाकावर नेहमी माणसं ताटकळलेली. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, रक्तदाब पाहिला, पोटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “काका, औषध नंतर. आधी वजन. रोजचं खाणं अठराशेवर आणायचं. अठराशेच्या वर एक घास नाही. जमेल ना?”

“जमेल म्हणजे काय!” साहेब म्हणाले. आव्हान दिल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. काकूंना तेव्हाच कळायला हवं होतं, की आता या घरात काहीतरी अति होणार.

लांबच्या शहरात राहणाऱ्या लेकीला हे कळलं आणि तिने स्वयंपाकघरात ठेवायचा एक काटा पाठवून दिला. पातळ, काचेचा, पुस्तकाएवढा. पदार्थाचं नाव निवडायचं, पदार्थ वर ठेवायचा, की वजनही दिसतं आणि त्यातून अंगात किती ऊर्जा जाणार तेही. साहेबांनी कपाटातून आपली जुनी पितळी वजनं काढली आणि आधी त्या काट्याचीच परीक्षा घेतली. काटा पास झाला. मग त्याचं माहितीपत्रक चष्मा पुसून पुसून वाचलं, काटा उलटा केला आणि मागचं एक बटण दाबलं.

“लावला प्रमाण एककावर,” ते समाधानाने म्हणाले.

“म्हणजे हो काय?” काकूंनी विचारलं. न विचारून सुटका नव्हतीच.

“ज्यूल. ऊर्जा मोजायचं जगातलं प्रमाण एकक. वीज असो, वाफ असो, नाहीतर तुझं सूप. लोक अजून जुनं काहीबाही वापरतात. मी वापरणार नाही. हा काटा हजार हजार ज्यूलचा एक घास करून दाखवतो, किलोज्यूल.” मग त्यांनी टोपलीतलं एक लहानसं सफरचंद जमिनीवर ठेवलं, वाकून उचललं आणि ओट्यावर ठेवलं. गुडघा कुरकुरला. “हे बघ. एवढं केलं, की झाला साधारण एक ज्यूल.”

“एवढ्याशा कामाला नाव कशाला हवं?”

“नाव नसेल तर मोजणार कसं?”

“आणि हे खाल्लं तर?”

“खाल्लं तर हेच सफरचंद तीन लाख वेळा उचलता येईल. हिशेबाने.”

“मला एवढा वेळ नाही,” काकू म्हणाल्या, “तुम्ही खाऊन टाका.”

दुसऱ्या दिवसापासून काट्याचं राज्य सुरू झालं. सकाळी एक अंडं आणि पावाचा एक पातळ स्लाइस. दुपारी वाटीभर भाज्यांचं सूप, अर्धा उकडलेला बटाटा. चारला सफरचंद. रात्री परत सूप. मधे एकदा दुधाचा थेंब घातलेला चहा. एवढं झालं, की साहेब मनातल्या मनात बेरीज करायचे आणि जाहीर करायचे, “अठराशे. दुकान बंद.”

“अहो, एवढ्यावर चिमणी जगायची नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“पण एकदा विचारा तरी त्यांना.”

“काय विचारू? भूक लागते म्हणून आकडा बदला? मी दुकानदारांना कधी एका ग्रॅमची सूट दिली नाही. स्वतःला देऊ?”

महिन्याने दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजनाचा आकडा पाहून टाळीच वाजवली. “वा काका! अठराशे पाळताय ना?” “तंतोतंत,” साहेब म्हणाले. काकूंनी मधे तोंड घातलं, “फार कमी खातात हो हे.” बाई हसल्या. “सगळ्या काकू मला हेच सांगतात. काका, असंच चालू ठेवा.” साहेबांनी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिलं. काकूंना त्या दोघांचाही मनस्वी राग आला. पण शिकलेल्या पोरीपुढे आणि हट्टी म्हाताऱ्यापुढे आपण काय बोलणार, म्हणून गप्प बसल्या.

गप्प बसल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. साहेबांनी जेवताना दुकानदारांच्या लबाडीच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या होत्या, की काकूंनी मनात आणलं असतं तर बाजारात नंबर एकचं खोटं दुकान थाटलं असतं. त्यात एक गोष्ट शून्याची होती. काट्यावर आधी रिकामं भांडं ठेवायचं, शून्याचं बटण दाबायचं, म्हणजे भांड्याचं वजन धरलं जात नाही आणि पुढे घालाल तेवढंच मोजलं जातं. लबाड माणूस त्या शून्यात हात मारतो. तर काकूंनीही मारला. वाटीच्या तळाला लोण्याचा मोठा गोळा दाबून बसवायचा, त्यावर साय. वाटी काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, आणि मग वरून सूप ओतायचं. साहेब टेबलापाशी बसून, मान लांब करून आकडा वाचायचे. आकडा बिचारा सुपाचा असायचा. लोणी गरम सुपात विरघळून जायचं.

पहिल्या दिवशी काकूंनी सूप ओतताना साहेबांकडे बघायचं टाळलं. अख्ख्या बाजाराला घाम फोडणाऱ्या माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात फसवायचं, हे काही लहान काम नव्हे. साहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला, क्षणभर थांबले, मिशीवरून हात फिरवला आणि खायला लागले. वाटी स्वच्छ करून म्हणाले, “आज भाज्या ताज्या होत्या वाटतं.” काकूंनी तोंड फिरवून हसू दाबलं. त्या दिवसापासून दोन्ही वेळा हा उद्योग सुरू झाला.

पण मग धाबं दणाणायला लागलं ते यामुळेच. लोणी जात होतं, साय जात होती, आणि माणूस तरीही उतरत होता. गालांचे खळगे झाले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. जगाला वाटत होतं, साहेब मोजून खातात म्हणून बारीक झाले. मोजल्याच्या वर त्यांच्या पोटात काय जातंय, हे एकट्या काकूंना माहीत होतं. भरपूर लोणी खाऊनही जो माणूस वाळतो, त्याच्या आत काय असतं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. शेजारच्या बाईंचे यजमान असेच गेले होते, खाऊनही वाळत जाऊन. काकू तो विचार मनात येऊ द्यायच्या नाहीत, आणि तो मनातून जायचा नाही.

त्यात साहेबांनी एक नवंच सुरू केलं. एके दिवशी काकूंना हाक मारून मोरीत नेलं आणि भिंतीतला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवला. “हा असा उजवीकडे फिरवायचा. घट्ट आहे, फडकं धरून फिरव.” दुसऱ्या दिवशी विजेच्या पेटीतलं कुठलं बटण कुठल्या खोलीचं ते दाखवलं. मग मशीनच्या मोटारीचा पट्टा बदलायला लावला, स्वतः नुसते बघत बसले. “हे मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना?” काकू म्हणाल्या. “आलेलं बरं असतं,” साहेब म्हणाले आणि व्हॉल्व्हवरची धूळ पुसत राहिले.

आणि मग ते सफरचंद. चारची वेळ, साहेबांच्या हातून सफरचंद निसटलं आणि टेबलाखाली गेलं. ते वाकले. उचललं. आणि तिथेच टेबलाचा पाय धरून खाली बसले. “काही नाही,” म्हणाले, “जरा अंधारी आली.” काकूंनी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. त्यांचा दंड हातात आला तेव्हा त्यात हाडच लागलं. एक ज्यूल, काकूंच्या मनात आलं, एवढंसं ते काम, ज्याला नावसुद्धा कशाला हवं म्हणून आपण हसलो होतो.

त्यांनी साहेबांचं काही ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. या वेळी बाईंनी वजन पाहून टाळी वाजवली नाही. एकामागून एक तपासण्या लिहून दिल्या, रक्ताच्या, छातीच्या, पोटाच्या. त्या सगळ्यांचे रिपोर्ट आज यायचे होते, आणि सकाळी निघण्याआधी घालायच्या पँटसाठी काकू मशीनवर बसल्या होत्या. सुई जाईना. शेवटी त्यांनी पँटला दोन ठिकाणी पिना टाचल्या आणि वरून पट्टा घट्ट आवळला. साहेबांनी काचेचा काटा एका पिशवीत घातला. “तो कशाला?” काकूंनी विचारलं. “पुरावा असावा,” ते म्हणाले. “उद्या म्हणतील, काकांनी पाळलं नाही.”

दवाखान्यात त्यांचा नंबर येईपर्यंत काकूंनी समोरच्या भिंतीवरचं दातांचं चित्र इतकं पाहिलं, की त्यातल्या सगळ्या दाढा पाठ झाल्या. साहेब ताठ बसले होते. मधेच त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. असं ते चारचौघांत कधी करत नसत.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर पसरले. “रिपोर्ट सगळे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या.

पण बाईंचा चेहरा चांगल्या रिपोर्टचा नव्हता.

“आणि म्हणूनच मला काळजी वाटते आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “रोज अठराशे खाणारा माणूस इतका उतरत नाही. कुठेतरी काहीतरी आहे जे मला सापडत नाहीये. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते. संपूर्ण स्कॅन करावा लागेल. मी घाबरवत नाही, पण उशीर नको.” मग साहेबांकडे वळून त्यांनी विचारलं, “काका, खरं सांगा. अठराशे पोटात जातात ना? की कंटाळून सोडून देता?”

“काट्यावर रोज अठराशे,” साहेब म्हणाले. “एकही दिवस कमी नाही.”

आता बोलायला हवं होतं. काकूंना स्वच्छ दिसत होतं, की डॉक्टरांपुढे जो हिशेब आहे तो खोटा आहे, आणि तो खोटा त्यांनी केलेला आहे. बोलावं तर एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या नजरेतून कायमचं उतरायचं. खोट्या मापाला हा माणूस जगात कशाहूनही जास्त तुच्छ मानतो. न बोलावं तर डॉक्टर अंधारात तपासत राहणार आणि माणूस हातचा जाणार. नजरेतून उतरले तरी चालेल, पण बघायला ती नजर राहायला हवी, असं त्यांना वाटलं आणि त्या बोलल्या.

“डॉक्टर, ते अठराशे खरे नाहीत. जास्त आहेत. मी यांच्या सुपात लोणी घालते. रोज. दोन्ही वेळा. वाटीच्या तळाला आधीच घालून ठेवते आणि मग काटा शून्य करते.” त्यांनी बोटांनी चमच्याचा आकार दाखवला. “मोठा चमचा लोणी, वर साय. तेवढं खाऊनही हे असे झालेत. म्हणजे काय ते मला कळतं हो. पण तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं.”

साहेबांनी मान वळवली नाही. मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “अठराशेच्या वर आणखी लोणी? थांबा, थांबा. काका, सकाळपासून काय काय खाता ते मला एकेक सांगा.”

साहेबांनी सांगितलं. अंडं, एक स्लाइस, सूप, अर्धा बटाटा, सफरचंद, सूप, चहा. बाई बोटांवर मोजत होत्या. सफरचंदापाशी त्यांची बोटं मंदावली आणि शेवटच्या सुपाला थांबली.

“आणखी?”

“आणखी काही नाही. अठराशे होतात.”

“काका, हे चारशेच्या वर फारसं जात नाही.”

“तुमची बेरीज चुकतेय,” साहेब म्हणाले. आजारी होते, तरी आवाजाला ती जुनी धार आली. पिशवीतून काटा काढून त्यांनी टेबलावर रिपोर्टच्या वर ठेवला. “हा मी स्वतः तपासलेला आहे. ठेवा काहीतरी.”

बाईंच्या खणात बिस्किटांचा पुडा होता. त्यातलं एक त्यांनी काट्यावर ठेवलं, साहेबांनी यादीतून बिस्किट निवडलं आणि आकडा उमटला. बाई पुढे वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांनी नखाने आकड्याशेजारची बारीक अक्षरं दाखवली.

“हे किलोज्यूल आहेत.”

“अर्थात किलोज्यूल आहेत. ज्यूल हेच प्रमाण एकक आहे.”

“काका,” डॉक्टरीणबाई अगदी हळू म्हणाल्या, “मी कॅलरी म्हणाले होते.”

“म्हणाला नाहीत. तुम्ही ‘अठराशे’ म्हणालात.”

“अहो, पण सगळे कॅलरीच धरतात! कॅलरी किलोज्यूलपेक्षा चौपटीहूनही मोठी. तुम्ही माणसाच्या खाण्याचा पावही हिस्सा खात नव्हता. तुमच्या काट्यावर अठराशे नाही, साडेसात हजार यायला हवे होते. साडेसात हजार!”

बाहेर कुणीतरी खोकलं. साहेब काट्याकडे बघत होते. बिस्किट वर तसंच होतं आणि आकडा प्रामाणिकपणे चमकत होता.

“म्हणजे यांना,” काकूंनी विचारलं, “यांना झालंय काय?”

“भूक, काकू. यांना भूक लागली आहे.” बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि त्या हसल्या की हुंदका दिला ते त्यांनाही कळलं नसावं. “अर्धी चूक माझी आहे. त्या दिवशी मी घाईत होते. आणि तुम्ही सांगत होतात तेव्हा ऐकलंही नाही. तुमचं ते लोणी नसतं, तर काका आज या खुर्चीत बसले नसते.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे इतका, की बसलेल्या असूनही त्यांनी टेबलाची कड धरली. मग त्यांना राग आला. सगळं ठीक झाल्यावर येतो तसला, मोकळा, भरघोस राग.

“जन्मभर गावाला विचारत फिरलात,” त्या नवऱ्यावर कडाडल्या. “पन्नास काय? दोन काय? चमचे की पोती? माझ्या चहाच्या साखरेला सोडलं नाहीत! आणि इथे, जिवाचा प्रश्न होता तिथे, तोंड शिवलं होतं का तुमचं? अठराशे काय, एवढं विचारता आलं नाही?”

“डॉक्टर होत्या,” साहेब पुटपुटले. “डॉक्टरांना उलट कसं विचारायचं?”

यावर काकूंना जे हसू आलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी, तोंडावर दवाखान्याचाच कागद, आणि हसू चालूच. डॉक्टरीणबाईही हसल्या. साहेब थोडा वेळ अपमानित चेहऱ्याने बसले आणि मग त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. काट्यावरचं बिस्किट उचलून त्यांनी विचारलं, “हे खाऊ का?”

“खा. पण एकदम ताव मारायचा नाही हं,” बाईंनी लगेच बजावलं. “इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरलं तर त्रास होतो. रोज थोडं थोडं वाढवायचं. पुढचा आठवडा मी रोज बघणार, रक्तही तपासणार. आणि काका, मी यापुढे काहीही सांगितलं तर विचारायचं, काय म्हणून.”

परतताना साहेब बिस्किट इतकं सावकाश खात होते, की कोपऱ्यावर पोचले तरी अर्धं हातात होतं. काकूंना मधेच थांबून हसू यायचं. पहिल्यांदा त्यांनी हसणं लपवलं, मग सोडून दिलं. रस्ता तोच होता, सकाळी ज्यावरून जाताना त्यांना समोरची दुकानंही दिसली नव्हती. आता भाजीवाल्याचे टोमॅटोसुद्धा किती लाल आहेत ते दिसत होतं.

घरी आल्यावर काकूंनी सूप चढवलं. मग एक गोष्ट मनात टोचायला लागली. दवाखान्यात हसण्याच्या भरात ती राहून गेली होती. लोण्याबद्दल साहेब एक अक्षर बोलले नव्हते. रागावले असतील. आता बरे होतील तसे रागाला बळही येईल. येऊ दे, काकू म्हणाल्या स्वतःशी. तो रागही अंगावर घ्यायची त्यांची तयारी होती.

त्यांनी रिकामी वाटी काट्यावर ठेवली. या वेळी खरंच रिकामी. शून्याच्या बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात टेबलापासून आवाज आला.

“थांब. दोनशे चाळीस.”

काकूंनी वळून पाहिलं. साहेब मान लांब करून वाचत होते.

“वाटीचं खरं वजन दोनशे चाळीस ग्रॅम,” ते म्हणाले. “इतके दिवस तू शून्य करायच्या आधी ती दोनशे ऐंशी दाखवायची.”

काकूंचं बोट बटणावर तसंच राहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. अगं, मी जन्मभर दुसरं केलं काय?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू घालायची थांबली असतीस.” साहेब टेबलावरचं सफरचंद बोटाने फिरवत राहिले. “आणि मला भूक लागायची गं. फार लागायची.”

काकूंना ते काट्यावरचे अठराशे आठवले. दवाखान्यातही माणूस खोटं बोलला नव्हता, नुसतं ‘काट्यावर’ म्हणाला होता. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

“म्हणजे लोणी खाऊनही वाळतोय, हे तुम्हालाही कळत होतं.”

“कळत होतं.”

“म्हणून तो पाण्याचा व्हॉल्व्ह.”

“हो,” साहेब म्हणाले. “तुला तो फिरवता येईना, याची मला रोज काळजी लागायची.”

काकू रडल्या. आता लपवायचं कारण नव्हतं, म्हणून चांगलं मनसोक्त रडल्या. साहेब उठले, पातेल्यातलं सूप वाटीत ओतलं, लोण्याचं भांडं काढून टेबलावर काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि परत जागेवर बसले.

“इन्स्पेक्टर असून खोटं माप चालू दिलंत,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “कायद्यात बसतं का हे?”

“कमी मापाला दंड आहे. जास्त मापाला काहीच नाही,” काटेसाहेब म्हणाले. “मी सगळा कायदा चाळून बघितला होता.”

काकूंनी वाटीत लोणी घातलं. किती, ते कुणी मोजलं नाही.